टिटवीच्या गोष्टीला हुंकार

माळावर लांडग्याचं राज्य होतं, त्या काळची ही हकिकत. "राजा आपली पिल्लं उचलतो," असं सशाने एकदा सरळ सांगून टाकलं, आणि त्यानंतर ससा कुणाला दिसला नाही. तेव्हापासून सगळ्यांनी तोंडं मिटून घेतली.

टिटवीचा जीव मात्र तुटत होता. पिल्लांना सावध करायचं, पण नाव न घेता कसं? शेवटी पाणवठ्यावर तिने अमरवेलीची गोष्ट काढली. लांडगाही ऐकायला येऊन बसला.

"मूळ ना पान अशी ती पिवळी वेल बोरीला म्हणाली, 'ताई, एका फांदीवर टेकू दे. तुझी राखण करीन.'"

"हं," साळिंदर म्हणालं. ऐकणाऱ्याने हुंकार दिला तरच गोष्ट पुढे न्यायची, अशी त्या माळाची रीत होती.

"मग वेलीने एकेक फांदी आवळली. बोर सुकत चालली, तरी वेल म्हणायची, 'ही माझी माया!'"

लांडगा गुरगुरला. साळिंदराने मान खाली घातली. कुणीच हुंकार देईना. टिटवीने मागे बसलेल्या पिल्लांकडे पाहिलं. गोष्ट इथेच राहिली, तर पिल्लांना काय कळणार?

तेवढ्यात लांडगाच उसळून ओरडला, "साफ खोटं! मी कधी कुणाला आवळलं?"

सगळा पाणवठा त्याच्याकडे बघू लागला.

टिटवीने मान लववली. "हुंकार मिळाला, महाराज. आता पुढचं सांगते."

"हं," मागून एक कोवळा आवाज आला. मग दुसरा. मग सगळा माळच हुंकार देऊ लागला.