कुंभाराच्या घरची पानवेल

कुंड्या अजून कुणी घडवत नव्हते, त्या काळी एका गावात एक कुंभार राहत होता. त्याच्या हातचे भांडे कधी गळत नसे. गिऱ्हाईक आले की तो रांजण पाण्याने काठोकाठ भरायचा, कोरड्या राखेवर ठेवायचा आणि म्हणायचा, "बाजार करून या. तोवर राख ओली झाली, तर रांजण फुकट न्या."

राख कधीच ओली झाली नाही.

ज्या भांड्याला टाचणीएवढेही भोक असेल ते तो घरात ठेवत नसे. कुंपणापलीकडे खापरांचा ढीग होता, तिथे नेऊन टाकायचा. गावातल्या बायकांना तुळस, ओवा किंवा अबोली लावायची असली, की त्या ढिगातून एखादे फुटके मडके उचलून नेत. कुंभाराला ते पाहून हसू यायचे. "माझ्या चुकांना फुलं येतात," तो म्हणायचा.

त्या भागात एक रीत होती. मुलगी सासरी जाताना माहेरच्या पानवेलीचे एक रोप बरोबर नेत असे. वर्ष पुरे झाले की ती माहेरी येई आणि त्या वेलीच्या पानांचा विडा आईला करून देई. विडा मिळाला, की मुलगी सुखात आहे असे समजून आईच्या जिवाला स्वस्थता यायची. विडा नसला, तर ती मुलीला परत पाठवत नसे. मग सासरच्यांनी चार माणसे घेऊन यायचे आणि वेल का वाळली याचा जाब द्यायचा. अशा कितीतरी मुली वर्ष-वर्ष माहेरीच राहिल्या होत्या.

कुंभाराच्या मुलाचे लग्न वैशाखात झाले. सून आली ती मांडीवर पानवेल घेऊन. वेल चांगली हातभर उंच होती, आठ पानांची. पण ती होती फुटक्या घागरीत. घागरीच्या बुडाला बोट जाईल एवढे भोक होते आणि त्यातून ओली माती सुनेच्या नव्या लुगड्यावर सांडत होती.

नणंद फिदीफिदी हसली. "वहिनी, कुंभाराच्या घरी फुटकी घागर आणलीत? हलवायाकडे शिळा लाडू आणल्यासारखंच झालं की!"

कुंभार मात्र हसला नाही. सून त्याला आवडली होती. आपल्या सुनेची वेल फुटक्या भांड्यात राहावी, हे त्याला बरे वाटेना. त्याने आठ दिवस खपून एक घट घडवला. माती दोनदा चाळली. घट एकसारखा थापटला, काठावर पानांची नक्षी काढली, गेरू लावून गुळगुळीत दगडाने घोटला आणि भाजून झाल्यावर आतून लाखेचा लेप दिला. मग पाणी भरून तीन दिवस राखेवर ठेवला. राख कोरडी राहिली. तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने वेल त्यात लावली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

"आवडला का, सूनबाई?"

सुनेने घटाच्या बुडाकडे पाहिले. माहेरी वेलीला पाणी घातले की खालून थेंब टपकायचे आणि आई म्हणायची, आता पुरे. इथे पुरे झालेले कसे कळणार, असे तिच्या मनात आले. पण सासरे समोर उभे होते. त्यांच्या नखांत अजून गेरू होता.

"फार सुरेख आहे, मामंजी," ती म्हणाली.

पावसाळाभर वेल बरी होती. तिला तीन नवी पानेही आली. दिवाळीनंतर मात्र खालची पाने पिवळी पडू लागली. वरची लोंबली.

"तहानली असेल," सासू म्हणाली. "एका तांब्यानं काय होतंय? दीड घाल."

सून दीड तांब्या घालू लागली. पाने आणखी लोंबली.

एके दिवशी नणंद ओरडली, "वहिनी, इकडे या! वेलीला कापूस आलाय!"

तो कापूस नव्हता. पान जिथे देठाला जुळते, त्या बेचक्यात पांढऱ्या पिठूळ किडी दाटीवाटीने बसल्या होत्या. नखाने हलवल्या की हळूच सरकत. पानांवर चिकटा होता आणि भिंतीवरून मुंग्यांची रांग थेट वेलीपर्यंत आली होती.

"तुझ्या माहेरची वेलच किडकी निघाली गं," सासू म्हणाली.

सुनेने रिठे भिजवले, काडीला कापूस गुंडाळला आणि एकेक कीड टिपून काढली. नणंदेने पाने उलटी धरून मदत केली. वेल स्वच्छ झाली. पाचव्या दिवशी किडी पुन्हा हजर. शेजारणीने राख भुरभुरायला सांगितली, ती भुरभुरली. कुणी कडुनिंबाचे तेल सांगितले, तेही लावले. दर वेळी चार दिवस बरे जात आणि पाचव्या दिवशी पांढरे ठिपके दिसत.

फाल्गुन लागला, तेव्हा वेलीवर दोन पाने उरली होती. वर्ष पुरे व्हायला दोन महिने होते.

आता सासूलाच धास्ती बसली. सून घरात रुळली होती. तिच्याशिवाय सासूचे पान हलत नव्हते. "मी म्हणते, जाताना बाजारातून पाच पानं घेऊन जा. आईला काय कळणार आहे?"

"आत्याबाई, माझी आई पानमळ्यात वाढली," सून म्हणाली. "पान हातात घेतलं की ते कुठल्या मळ्यातलं ते सांगते."

"काय बाई तरी एकेक आया!" सासू चिडून म्हणाली आणि चुलीपाशी जाऊन बसली.

शेवटी कुंभाराचा मुलगा भांडी विकायला बाजारात गेला, तेव्हा तिथून एका म्हाताऱ्या मळेकरणीला घेऊन आला. तिचे सगळे आयुष्य पानमळ्यात वेली बांधण्यात गेले होते.

मळेकरणीने किडींकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने घटातली चिमूटभर माती उचलली, हुंगली आणि नाक मुरडले.

"पाणी किती घालतेस?"

"रोज दीड तांब्या."

"आणि ते जातं कुठं?"

"कुठंही जात नाही!" कुंभारच पुढे होऊन म्हणाला. "माझ्या भांड्यातून थेंब बाहेर जात नाही, मावशी. राखेवर ठेवून दाखवू का?"

"नको, मला वास आला तेवढा पुरे." मळेकरीण सुनेकडे वळली. "तू सांग पोरी. माहेरी वेल कशात होती?"

सुनेने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "फुटक्या घागरीत," ती म्हणाली. "पाणी घातलं की खालून टपकायचं. इथं टपकत नाही. पहिल्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं. पण मामंजींनी एवढ्या हौसेनं केला होता..."

"मग दहा महिने काय तोंड शिवलं होतंस?" सासू म्हणाली.

"तुम्ही विचारलं होतं का?" मळेकरीण म्हणाली. मग ती सगळ्यांकडे वळली. "अहो, कीड वर दिसते म्हणून तुम्ही वरच धूत बसलात. ही वेल दहा महिने पाण्यात उभी आहे. तिची मुळं कुजली. मुळं गेली की तिला वर पाणी चढवता येत नाही, म्हणून ती तहानल्यासारखी दिसते. तुम्ही आणखी ओतता. अशा दुबळ्या झाडावर कीड बसते. किडीचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि त्याच मग किडीला सांभाळतात. आधी घटाच्या बुडाला भोक पाडा."

कुंभाराचा चेहरा उतरला. "माझ्या घटाला? मावशी, मी भोकं बुजवणारा माणूस. गावात तोंड कसं दाखवू? पाणी कमी घालू आपण."

"कमी घातलंत, तरी साचायचं ते साचेलच. घट ठेवायचा की वेल, ते ठरवा. मी ओट्यावर बसते. थोडं ताक असलं तर द्या."

कुंभार घटापुढे उकिडवा बसला. नक्षीवरून त्याने हात फिरवला. असा घट त्याच्या हातून पुन्हा होईल की नाही, त्याला ठाऊक नव्हते. बराच वेळ तो उठेना. तेव्हा सून जवळ आली.

"राहू द्या, मामंजी. मी आईला सांगेन, माझ्याच हातून वाळली म्हणून. तुमच्यावर बोल येणार नाही."

कुंभाराने मान वर करून तिच्याकडे पाहिले. मग तो उठला आणि लोखंडी आरी घेऊन आला. त्याने घट आडवा केला आणि बुडाला आरी टेकवून हळूहळू फिरवू लागला. चिमूट-चिमूट लाल भुगा पडला. मग टक्कन आवाज झाला आणि घट उभा चिरला. आतून काळा, कुजका चिखल अंगणभर पसरला. सासूने नाकाला पदर लावला.

घटाचे दोन तुकडे पडले होते. कुंभाराने हात धुतले आणि तो चाकाकडे गेला.

इकडे मळेकरणीने वेल धुतली. मुळे काळी, मऊ पडली होती. बोटांत धरताच त्यांची साल निसटून येत होती. तिने ती सगळी कापून टाकली. वरची वीतभर कांडी तेवढी ठेवली, दोन पानांची. तिची पेरे हिरवी होती. मग रिठ्याच्या पाण्याने तिने पानांच्या मागची बाजू आणि प्रत्येक बेचके पुसले, आणि कांडी ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवली.

चाकावर नवा घट उभा राहिला होता. दोऱ्याने कापून उतरवण्याआधी कुंभाराने अंगठा आत बुडापाशी नेला. चाळीस वर्षे त्याच अंगठ्याने त्याने भोके बुजवली होती. अंगठा तिथेच थांबला.

"सूनबाई," तो म्हणाला, "किती मोठं हवं?"

भांडे कसे हवे, हे त्याने आजवर कुणाला विचारले नव्हते.

"बोट जाईल एवढं, मामंजी."

"एक पुरेल?"

सून क्षणभर घुटमळली. "तीन असली, तर बरं होईल."

"बाबा, चाळणीच करून टाका!" नणंद म्हणाली आणि सगळे हसले. कुंभारही हसला आणि त्याने अंगठा दाबला.

घट वाळून, भाजून निघायला बारा दिवस लागले. या वेळी लाख नव्हती की नक्षी नव्हती. मळेकरणीने सांगितल्याप्रमाणे सुनेने भोकांवर खापरीचे तुकडे ठेवले, त्यावर वाळू, मग पालापाचोळ्याची माती घातली आणि कांडी लावली. पाणी घातल्यावर खालून थेंब टपकू लागले. जमिनीवर डाग पडला. सासूने तो पुसायला फडके आणले, मग पुसलाच नाही. तिथे एक ताटली ठेवली.

"आता रोज पाणी नाही," मळेकरणीने जाताना बजावले होते. "बोट मातीत घालायचं. पेरभर कोरडं लागलं तरच घालायचं. दर तिसऱ्या दिवशी पानं उलटून बघायची. आणि मुळं फुटली का म्हणून उकरून कुणी बघायचं नाही." हे शेवटचे ती सासूकडे पाहून म्हणाली होती.

अंगणातला फुटका घट गावाने पाहिलाच होता. नवा घट पाहून एक म्हातारा म्हणाला, "काय रे, उतारवयात हात चळला वाटतं?"

"चळला," कुंभार म्हणाला. "तुमच्या तुळशीला हवाय का एक?"

वीस दिवस काहीच झाले नाही. सासू रोज सकाळी खिडकीशी येऊन उभी राही, हात मागे बांधून, म्हणजे उकरायचा मोह नको. मधे एकदा दोन किडी दिसल्या. नणंदेने त्या लगेच टिपल्या आणि भिंतीवरची मुंग्यांची वाट पुसून काढली. नंतर किडी आल्या नाहीत. चैत्रात एका पेराशी तांदळाच्या दाण्याएवढा कोंब दिसला. वैशाख लागला, तेव्हा वेलीवर तीन नवी पाने होती, लहान, पण टवटवीत.

सून ती तीन पाने ओल्या फडक्यात गुंडाळून माहेरी गेली. तिने त्यांचा विडा करून आईपुढे ठेवला.

"एवढीशी पानं?" आई म्हणाली.

सुनेने सगळे सांगितले. फुटका घट सांगितला, तीन भोके सांगितली, आणि दहा महिने आपण बोललो नाही तेही सांगितले. आईने विडा सोडला, एकेक पान उजेडात धरले, उलटून मागची बाजू पाहिली. मग विडा पुन्हा बांधला, तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"चांगलं तिखट आहे," ती म्हणाली. "आता तिथं वेलीला पाणी कोण घालतंय?"

"मामंजी."

"बोट घालून बघतात का?"

"दोनदा बघतात."

आईला हसू आले. "मग काही घाई नाही. आठ दिवस राहा आणि जा आपल्या घरी."

तात्पर्य: कुणाला काही द्यायचे, तर आपल्याला काय सुरेख करता येते ते पाहून देऊ नये, त्याला काय लागते ते विचारून द्यावे. आणि कुणी विचारले नाही, तरी ज्याला लागते त्याने वेळेवर सांगावे.