बयाक्काच्या सहा बाजा

ज्या काळी घाटाखालच्या गावांत वैद्य सापडायचा पण पाठ टेकायला जागा सापडायची नाही, त्या काळी अशाच एका बाजाराच्या गावात बयाक्का नावाची एक बाई राहत होती. ही गोष्ट तिची. ऐकून फार बरं वाटेल अशी ती नाही, पण सांगायला हवी.

त्या गावचा वैद्य भला होता. गरिबाकडून तो काही घेत नसे. हाड बसवावं, जखम धुवावी, लेप बांधावा आणि शेवटी सांगावं, "आता घरी जाऊन महिनाभर स्वस्थ पडून राहा. पाय खाली टेकवू नका." समोरचा मान हलवी आणि निघून जाई. त्याला घर आहे का, हे विचारायचं वैद्याला कधी सुचलं नाही, आणि नाही म्हणून सांगायची त्या माणसाला लाज वाटे. मग तो देवळाच्या पायरीवर नाहीतर बाजाराच्या कट्ट्यावर पडे, भाकरीसाठी दिवसभर हिंडे, आणि पंधरा दिवसांनी तीच जखम घेऊन पुन्हा वैद्याच्या दारात येई.

बयाक्का या येरझाऱ्या बघत होती. तिचा गोठा रिकामा पडला होता. तिने तो सारवला आणि त्यात सुंभाने विणलेल्या चार बाजा टाकल्या. त्यातली एक तिची स्वतःची निजायची होती. वैद्याकडून सुटलेल्या, घरदार नसलेल्या माणसाने तिथे यावं, दोन वेळची पेज प्यावी आणि बरं होईपर्यंत पडून राहावं. कोणी महिना राही, कोणी दोन. बरा झालेला माणूस जाताना अंगण झाडून देई, तेवढंच तिला मिळे.

पण बाजा चार आणि दारात रोज नवा माणूस. 'जागा नाही' म्हणून म्हणून बयाक्का थकली. खाली निजवावं तर जमिनीला ओल. असाच खाली निजवलेला एक म्हातारा गेल्या पावसाळ्यात छाती भरून गेला होता, तेव्हापासून आजाऱ्याला भुईवर निजवायचं नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. शेवटी बऱ्या झालेल्यांनीच माती कालवून गोठ्याला लागून एक पडवी उभी केली आणि वर गवत शाकारलं. आता हव्या होत्या फक्त सहा बाजा. लाकूड आणि सुंभ मागायला बयाक्का गावात फिरू लागली.

त्या गावात एक रीत होती. दान दिलं की त्यावर नाव कोरायचं. देवळाच्या घंटेवर नाव, नदीच्या पायरीवर नाव, गुरांच्या हौदावरसुद्धा नाव. गुरं वाचत नाहीत, हा भाग वेगळा. पण बाजेवर नाव घालायला कोणी तयार होईना.

"आजाऱ्याच्या बाजेवर आमच्या आबांचं नाव?" सराफ म्हणाला. "उद्या त्याच्यावर कुणी मेलं म्हंजे?"

"मग नाव नका घालू," बयाक्का म्हणाली.

"बिननावाचं दान कसलं, आक्का? आम्ही दिलं, हे कळायचं कुणाला?"

असं दारोदार चाललं. कोणी बसायला पाट दिला, कोणी गूळपाणी दिलं, लाकूड कोणी दिलं नाही. गूळपाणी पिऊन पिऊन तिला मळमळायला लागलं.

अखेर लाकडाच्या वखारीच्या शेटने तोड काढली. "तुम्ही मागता तेच चुकीचं, आक्का. आधी दारात कमान उभी करा. चांगली सागवानी, कोरीव. कमानीवर नाव घालायला अख्खं गाव येईल. आणि एकदा कमान दिसली की बाजांना काय तोटा?"

बयाक्काला हे पटलं नव्हतं. पण महिनाभर वणवण करून तिच्यात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. "बरं," ती म्हणाली. तिची चूक झाली ती इथे, आणि पुढे ती तिने कधी लपवली नाही.

त्याच आठवड्यात रखमाजी हमाल तिच्या दारात आला. गुळाच्या ढेपा उतरवताना फळीवरून पाय घसरून त्याची नडगी मोडली होती. वैद्याने हाड बसवून कामट्या बांधल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे घरी जाऊन पडून राहायला सांगितलं होतं. चारही बाजा भरलेल्या होत्या.

"आठ दिस कळ काढ, बाबा," बयाक्का म्हणाली. "कमान झाली की बाजा होनारच हायेत."

"काढतो की," रखमाजी म्हणाला. "आठ दिसाचं काय एवढं."

आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. सराफाला कमानीच्या माथ्यावर मोर हवा होता. शेटला आपल्या वडिलांचं नाव सगळ्यांत वर आणि सगळ्यांत मोठं हवं होतं. ते कोरून झालं, तर तेल्याचं म्हणणं पडलं की आपलं नाव बारीक दिसतं. सुतार पुन्हा पटाशी घेऊन बसला. लाकूड मात्र कमी पडलं नाही, गाडीभर मागितलं तर दोन गाड्या यायच्या. रखमाजी बाजाराच्या कट्ट्यावर राहिला. बयाक्का सकाळी त्याला पेज नेऊन द्यायची, पण संध्याकाळच्या भाकरीसाठी त्याला काठी टेकत हिंडावंच लागे.

एकदाची कमान उभी राहिली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी ती कमान आणि मागचा गोठा यांची जोडी दिसत होती. तिच्यावर एकतीस नावं होती. बयाक्काने बाजांसाठी लाकूड मागितलं, तेव्हा शेट म्हणाला, "लगेच? लोकांनी आत्ताच तर दिलंय. दसऱ्यानंतर बघू."

दुसऱ्या दिवशी वैद्य स्वतः तिच्याकडे आला. आजवर तो कधी आला नव्हता.

"रखमाजीचं हाड वाकडं जुळलंय," तो म्हणाला. "पुन्हा मोडून बसवावं लागेल. आणि या खेपेला महिनाभरात तो एकदा जरी उठून चालला, तरी पाय कापावा लागेल. तू त्याला जागा देणार असशील तरच मी हात लावतो."

बयाक्का बाहेर आली आणि कमानीकडे बघत उभी राहिली. ती रडली नाही. रडायलाही अंगात जोर लागतो. मग तिने सुताराला बोलावून आणलं.

"आक्का, नुसता मोर कोरायला माझे चार दिस गेलेत," सुतार म्हणाला.

"मोर ऱ्हाऊ दे तुला. बाकीचं काप."

"लोक काय म्हनतील?"

"मला म्हनतील. तू करवत घे."

कमानीच्या खांबांतून बाजांचे खूर निघाले आणि आडव्या पट्ट्यांचे दांडे झाले. बरे होत आलेल्या दोघांनी काथ्या वळून सुंभ केला आणि बसल्या जागी विणला. दिवस मावळायच्या आत पहिली बाज तयार झाली, आणि वैद्याने हाड बसवून रखमाजीला तिच्यावर आणून टाकलं. उरलेल्या पाच बाजा पुढच्या चार दिवसांत झाल्या.

गावात ओरड झाली. पाचव्या दिवशी वखारीचा शेट तणतणत आला. पहिल्या बाजेच्या उशाशी त्याच्या वडिलांचं नाव होतं, सगळ्यांत मोठं.

"आमच्या वडिलांचं नाव हमालाच्या डोक्याखाली?" तो म्हणाला. "ही बाज मी आत्ताच्या आत्ता उचलून नेणार."

बयाक्का पेजेचं पातेलं घासत होती. तिने मान वर केली नाही. "न्या," ती म्हणाली. "लाकूड तुमचंच हाय. फकस्त आधी त्याला उठवा."

शेट पडवीत शिरला. रखमाजी झोपला होता. दीड महिन्यानंतर तो पहिल्यांदाच पाठ पुरती टेकून झोपत होता. तोंड उघडं होतं, एक हात बाजेखाली लोंबत होता. शेटने त्याच्या खांद्याकडे हात नेला आणि हात तसाच धरून बराच वेळ उभा राहिला. मग तो मागे फिरला, दाराशी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता निघून गेला.

त्याने पुढे मोठं काही दिलं असं नाही. बाज परत मागितली नाही, एवढंच. रखमाजीचा पाय वाचला, पण बोटभर आखूड राहिला, आणि ओझं उचलायचं काम त्याला पुन्हा जमलं नाही. पहिल्याच आठवड्यात बाज मिळाली असती तर तेही टळलं असतं. बयाक्का हे विचारील त्याला सांगायची, आणि सांगताना दर वेळी तिचा आवाज बारीक व्हायचा.

दहाही बाजा दसऱ्याआधीच भरल्या. अकरावा माणूस दारात येऊन बसला, तेव्हा तिने त्याला पेज दिली, पदर खोचला आणि पुन्हा गावात मागायला निघाली.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: देणाऱ्याचं नाव मागाहून कोरलं तरी चालतं, पण मोडलेलं हाड कोणासाठी थांबत नाही. म्हणून दान करणाऱ्याने आधी दुखणेकऱ्याला पाठ टेकायला जागा द्यावी.