भिंतीवरची सायकल पुसली तेव्हा

एकदा एका मुलीला रोज पहाटे एकाच सायकलीचं स्वप्न पडू लागलं. मुलगी म्हणजे काही परकरी पोर नव्हे. घाटाच्या पायथ्याशी एका रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधणारी, चांगली मिळवती मुलगी होती. नाव रेणू. स्वप्नात धुकं असे, आणि त्या धुक्यातून ती सायकल घाट चढत जाई. मोरपंखी निळी. चाकांचा आवाज नाही, साखळीची कुरकुर नाही. जणू घाटच तिला हाताला धरून वर नेत असे. जाग आली तरी तो निळा रंग बराच वेळ डोळ्यांत राही आणि रेणू चुलीपुढे हातात चहाचा कप धरून तशीच बसून राही.

स्वप्नाला काय, पैसे पडत नाहीत. पण ही सायकल खरोखरीची होती. जिल्ह्याच्या गावी एका व्यापाऱ्याच्या दुकानात ती छताला टांगलेली होती. सायकल म्हणजे नुसती फ्रेम. चाकं, हँडल, ब्रेक हे सगळं ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे जोडायचं. कार्बनची फ्रेम, दोन बोटांवर उचलावी इतकी हलकी. शर्यतीतले मोठमोठे लोक असल्या फ्रेमवर बसतात, हे रेणूला ठाऊक होतं. तीन वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेली सगळी पुंजी त्या एका फ्रेमपायी संपली असती. चाकं जुनीच राहिली असती. पण चालेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

घाई करण्याला कारणही तसंच होतं. दर पौषात त्या घाटात शर्यत होई, आणि पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलींना राज्याच्या संघात घेत. वयाची अट पंचविशीच्या आतली. रेणूला हे शेवटचं वर्ष होतं. गेल्या खेपेला अर्धा घाट चढून झाल्यावर तिचे तळवे बधिर झाले, पाठीत कळ आली आणि ती खाली उतरून रस्त्याच्या कठड्यावर बसली. बाकीच्या मुली एकामागून एक पुढे निघून गेल्या. घरी आई मायेने म्हणाली, बास कर आता, झालं तेवढं पुष्कळ झालं. आईचा शब्द खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो रेणूला फार लागला. दोष तिने दिला तो चालवत होती त्या भावाच्या सायकलीला. जड, लोखंडी धूड ते. हलकी फ्रेम मिळाली तर घाट आपला, अशी तिची पक्की समजूत झाली.

व्यापाऱ्याने किंमतही उतरवली होती. ती फ्रेम एका उंच गिऱ्हाइकासाठी मागवलेली. तो घ्यायला आलाच नाही, आणि दोन वर्षं ती तशीच लोंबकळत होती. व्यापारी रेणूला म्हणाला, जरा मोठी आहे खरी, पण सीट खाली घेऊ, हँडल जवळ आणू, सगळे तसंच करतात. व्यापारी लबाड होता असं कृपा करून समजू नका. सगळे तसंच करतात हे सत्यच आहे. आणि मोठ्या सायकलीची रेणूला कसली भीती? मधल्या नळीखालून पाय घालून, हाफ पॅडल मारत ती वडिलांच्या सायकलीवर शिकली, आणि मग भावाच्या सायकलीवर वाढली. आपल्यापेक्षा मोठी असते तीच सायकल, असं तिला जन्मापासून वाटत आलेलं.

रेणूचे गुरू म्हणजे तात्या. ऐन उमेदीत त्यांनी पुष्कळ शर्यती मारल्या होत्या. आता म्हातारपणी ते गावाबाहेरच्या कापसाच्या बंद जिनिंग कारखान्याच्या आवारात मुलांना सायकल शिकवत. फी घेत नसत. आवाराची लांबच लांब, पूर्वेकडे तोंड केलेली भिंत शिष्यांनी दिवाळीला चुन्याने रंगवून द्यायची, एवढीच काय ती गुरुदक्षिणा. रेणू त्यांच्याकडे गेली ती विचारायला, असं ती म्हणे. खरं तर ती 'हो' म्हणवून घ्यायला गेली होती. वडीलधाऱ्यांचा सल्ला आपण सगळेच बहुधा निर्णय झाल्यावर घेतो. तिचंच काय घेऊन बसलात.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. फ्रेमचं वजन ऐकलं, किंमत ऐकली, शेवटी लाजत लाजत सांगितलेलं स्वप्नही ऐकलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"त्या स्वप्नात तू कुठं असतेस, पोरी?"

रेणू गोंधळली. सायकल आठवली, धुकं आठवलं, घाटाचं वळणन् वळण आठवलं. सीटवर कोण होतं ते मात्र आठवेना. तात्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. उद्या उजाडताना भावाची सायकल घेऊन ये, एवढं सांगून ते कामाला लागले. रेणू परत निघाली ती थोडी घुश्श्यातच. सरळ हो किंवा नाही म्हणायला काय होतं, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येण्याआधीच तात्यांनी भिंतीजवळ लोखंडी रोलर मांडून ठेवले होते. त्यावर सायकल चढवली की चाकं फिरत राहतात आणि माणूस जागच्या जागी राहतो. रेणू पॅडल मारू लागली. समोरच्या शेतावरून ऊन आलं आणि पांढऱ्या भिंतीवर तिची सावली उमटली, सायकलीसकट, पुऱ्या मापाची. तात्या कोळसा घेऊन पुढे झाले आणि भराभर सावलीची कड गिरवू लागले. चाकं, नळ्या, हँडल, मग तिची पाठ, मान, हात. तिला खाली उतरवून त्यांनी ते चित्र दाखवलं. रेणूला ते आवडलं. शर्यतीच्या पाटीवर काढतात तसंच दिसत होतं ते.

मग तात्यांनी एक विचित्र गोष्ट केली. कोपऱ्यातली चुन्याची बादली आणली, कुंचला बुडवला, आणि चित्रातल्या सायकलीवरून, फक्त सायकलीवरून, चुन्याचा हात फिरवला. माणसाच्या रेषेला त्यांनी धक्का लावला नाही.

ओला चुना लगेच काही झाकत नाही. त्याच्याआडून सायकल अजून दिसत होती, पाण्यातून दिसावी तशी. तात्या भिंतीसमोर जमिनीवर बसले, रेणूही बसली. ऊन चढत गेलं, चुना वाळत गेला, आणि सायकल हळूहळू नाहीशी होऊ लागली. आधी चाकं गेली. मग मधल्या नळ्या फिकट होत होत विरल्या. हँडल सगळ्यात शेवटी गेलं. दूर कुठेतरी होले घुमत होते. आपण जागे आहोत की अजून पहाटेच्या झोपेत, हे रेणूला काही वेळ कळेना. भिंतीवर आता सायकल नव्हतीच. एक बाई तेवढी राहिली होती, अधांतरी.

तात्यांनी विचारलं, ही बाई काय करते आहे असं वाटतं?

रेणू बघत राहिली. बाईचे खांदे कानाला भिडले होते. कोपर ताठ होते. पाठीला मध्येच पोक आलं होतं आणि हात लांबवून लांबवून ती पुढचं काहीतरी धरू पाहत होती, विहिरीत सुटलेला दोर काठावरून वाकून पकडावा तशी.

"पडते आहे," रेणू म्हणाली. जरा वेळाने ती म्हणाली, "तात्या, ही किती वर्षं अशीच पडते आहे?"

रेणूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. स्वतःचीच कीव आली तिला, आणि रागही आला. सायकलीवर बसलेली आपण इतकी वर्षं सगळ्यांना दिसत होतो, पण बघणाऱ्यांनी सायकल पाहिली, आपणही सायकलच पाहिली. पाठ दुखते ती आपण कमी पडतो म्हणून, हात बधिर होतात ते आपली मेहनत अपुरी म्हणून, असं ती समजून चालली होती.

पुढच्या सकाळी तात्यांनी तिला सायकल आणू दिली नाही. तिला एका उंच लाकडी घोडीवर बसवलं, पावलांखाली विटा रचून दिल्या आणि डोळे मिटून मनातल्या मनात घाट चढायला सांगितलं. हात कुठे ठेवू, असं तिने विचारलं. ते आपले आपण ठरवतील, तात्या म्हणाले. रेणूने डोळे मिटले. धुकं आलं, वळणं आली, ओल्या दगडांचा वास आला. हात आपोआप पुढे झाले आणि वाटेतच थांबले. तिला वाटलं होतं त्याच्या पुष्कळ अलीकडे. खांदे खाली आले. श्वास पोटापर्यंत जाऊ लागला. हे इतकं सोपं होतं की आपण लबाडी करतो आहोत असं वाटून तिने घाबरून डोळे उघडले. तोवर तात्यांनी भिंतीवर दुसरी बाई काढून ठेवली होती. ही पडत नव्हती. हिच्याखालीही काहीच नव्हतं, पण ती निवांत बसली होती.

तिसऱ्या दिवशी तात्यांच्या निरोपावरून व्यापारी स्वतः टेम्पोत फ्रेमा घालून आला. निळी फ्रेम त्याने कापडात गुंडाळून आणली होती. तात्यांनी ती उन्हात धरायला लावली, सीटची जागा चित्रातल्या बाईच्या बैठकीशी जुळवली, आणि तिची सावली भिंतीवर पडली. पुढच्या टोकाशी हँडल धरून पाहिलं तर ते बाईच्या मुठीपासून वीतभर पुढे गेलं. व्यापारी म्हणाला, हँडलचा दांडा आखूड बसवला की झालं. तात्यांनी मान डोलावली. हँडल जवळ येईल, हे त्यांना मान्यच होतं. पण मग वजनाचा तोल बिघडतो, म्हणाले, आणि उतारावरच्या वळणात सायकल तिच्या हातात राहणार नाही. व्यापाऱ्यालाही ते ठाऊक होतं. त्याने वाद घातला नाही.

मग एकेक फ्रेम झाली. शेवटी एक राखाडी, ॲल्युमिनियमची, ना नाव ना गाव अशी फ्रेम निघाली. निळीहून थोडी जड, निम्म्याहून स्वस्त. तिची सावली बाईच्या खालच्या रिकाम्या जागेत अशी बसली की तात्यांना कुठे बोट घालायलाही जागा उरली नाही. रेणूला आनंद झाला का? छे. ती त्या कापडात गुंडाळलेल्या निळ्या रंगाकडेच बघत होती. तात्यांनी ते ओळखलं आणि तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"बाळ, तुझ्या स्वप्नात सायकल आहे, तू नाहीस," ते म्हणाले. "भिंतीवर तू आहेस, सायकल नाही. या दोहोंतलं कुठलं आधी, एवढाच प्रश्न आहे. ज्याच्याजवळ अमाप पैसा आहे त्याला चुकायला सवड असते. तुला नाही, आणि हे मी तुझं दुर्भाग्य मानत नाही. गाठीला थोडं असलं की माणसाला आधी स्वतःकडे नीट बघावं लागतं. ती निळी फ्रेम उत्तमच आहे. ती ज्याच्या मापाची आहे त्याला ती मिळो. तुला विकत घ्यायची आहे ती तुझ्याखालची ही रिकामी जागा, तेवढीच, वीतभर जास्त नाही. आणि उरल्या पैशांत चांगली चाकं घे. घाट चाकांनी चढतात."

रेणूने होकार दिला, पण तो मनापासून नव्हता. गुरूंचा शब्द मोडायचा कसा म्हणून दिला. व्यापारी निळी फ्रेम टेम्पोत ठेवत असताना तिने पाठ फिरवली. पुढे कितीतरी दिवस राखाडी सायकलीवर बसताना तिला आपण मन मारून जगतो आहोत असं वाटे. दुखत मात्र काही नव्हतं. ते लक्षात यायलाही तिला वेळ लागला; दुखणं थांबलं की ते केव्हा थांबलं हे कुणाला आठवतं?

पौष आला. शर्यतीच्या सकाळी घाटात खरंच धुकं होतं. गेल्या वर्षी ती जिथे उतरून बसली होती तो कठडा आला आणि मागे गेला. तिच्या पुढे बऱ्याच मुली होत्या; मग थोड्या उरल्या. शेवटच्या चढाला छातीचा भाता झाला, मांड्या पेटल्या, पण हात मोकळे होते आणि पाठ सरळ होती. पांढरी रेघ ओलांडली तेव्हा तिच्यापुढे तिघीजणीच होत्या. पंचांनी संघासाठी पाच नावं पुकारली, त्यात चौथं नाव रेणूचं होतं. ती रस्त्याकडेच्या गवतात बसून हमसून हमसून रडली, आणि या वेळी 'बास कर आता' म्हणणारं कुणी नव्हतं.

शर्यत बघायला व्यापारीही माथ्यावर आला होता. त्याने तिला पाण्याची बाटली दिली, जरा दम खाऊ दिला, आणि मग धंद्याच्या माणसाला सुचावं ते विचारलं.

"ताई, फ्रेम कशी निघाली?"

रेणू सांगू लागली. खालच्या वळणावर धुकं कसं इतकं दाट होतं की पुढचीचं नुसतं श्वास घेणं ऐकू येत होतं. पुलाजवळ अचानक ऊन लागलं आणि सगळी दरी खाली पांढरीशुभ्र पसरलेली दिसली. माकडांची पिल्लं कठड्यावर ओळीने बसून शर्यत बघत होती. शेवटच्या चढाला वारा मागून आला तेव्हा आईच्या हाताची आठवण झाली. इतकी वर्षं या घाटात येते, पण घाट आज पाहिला, असं ती म्हणाली. कितीतरी वेळ ती बोलत होती आणि तिचा चेहरा उजळून निघाला होता.

व्यापारी फ्रेमचा विषय निघायची वाट बघत उभा होता. तो निघालाच नाही. बऱ्याच वेळाने त्याने थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या तात्यांकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली. त्याला उत्तर मिळालं होतं.