वर्षभराची अदलाबदल

नौपाड्यात एक तीन मजली इमारत होती. मालकीण कुमुदमावशी तळमजल्यावर एका खोलीत राहत आणि वर चार खोल्यांत, चाळीस वर्षांपूर्वीच्या भाड्यात, दोन गाड्या बाळगणारे पेंढारकर साहेब. गच्चीवरची टाकी फुटली, तशा सत्तरीतल्या मावशी अंगणातल्या नळावरून बादल्या वाहू लागल्या. टाकी बदलायची तर भाडं थोडं वाढवा, असं त्यांनी साहेबांना विनवलं.

साहेब म्हणाले, "कायदा भाडेकरूंसाठी केलाय, मावशी. मालकांचं काय, ते बसून खातात. हाल आमचे."

मावशींची भाची शर्वरी शेजारी उभी राहून दातओठ खात होती. या मावशीला वेळेवर तोंड म्हणून उघडता येत नाही, असं तिच्या मनात आलं.

मावशींनी साहेबांपुढे चहा ठेवला. "तुमचे हाल बघवत नाहीत हो. वर्षभर अदलाबदल करू. तुम्ही मालक होऊन या खोलीत बसून खा, मी वर तुमच्याच भाड्यात हाल सोसते. फक्त टाकी तेवढी लवकर बसवा, मालक. म्हाताऱ्या भाडेकरूला बादल्या उचलवत नाहीत."

साहेब चहा न पिताच उठले.

सकाळी गच्चीवर नवी टाकी चढत होती आणि साहेब दोन भरलेल्या बादल्या घेऊन दारात उभे होते. "भाड्याचं तुम्ही म्हणाल तसं," ते पुटपुटले.

शर्वरीने चहाचं आधण ठेवलं.

"बसा," मावशी म्हणाल्या, "कालचा चहा राहिलाय तुमचा."