वारा पडल्यावरची पायली

बसा, बसा. कोणी उठू नका. वारा पडला, ऊन आलं, हे मलाही दिसतंय. डोळे अजून शाबूत आहेत माझे. तुमची गाडी खाली बंदरावर चिंचेखाली उभी आहे आणि तिच्यावर फांदी कोसळली की काय या विचाराने तुमचा जीव खालीवर होतोय, तेही कळतंय. पण समोर जातं फिरतंय ना? ते थांबेपर्यंत या सड्यावरून, या उंच कातळपठारावरून, कोणी खाली उतरत नाही. सुरंगवाडीचा रिवाज आहे तो, आणि पाहुण्यांनाही तो लागू आहे.

तोवर जातं नीट बघून घ्या. सडजाईच्या देवळासमोर, उघड्या कातळात बसवलेलं आहे. खालचा दगड कुठून आणलेला नाही, कातळच तासून केलाय. वरचा दगड किती वेळा बदलला, कोणाला आठवत नाही. वर्षभर त्याच्यावर पालथी टोपली असते आणि घरच्या दळणासाठी त्याला कोणी हात लावत नाही. त्याला खाली गिरणी आहे. हे फिरतं ते फक्त तुफान येऊन वारा पडला की. तेव्हा पायलीभर नाचणी दळायची, म्हणजे चार शेर. दळायला बसते ती गावात सगळ्यांत नवी आलेली सून. ही आता बसलीय ती मूळची जालन्याकडची, गेल्या मार्गशीर्षात आली. घामाघूम झालीय बिचारी, पण हात थांबवत नाही.

मघाशी आपण सगळे देवळात दाटीवाटीने बसलो होतो, बाहेर कुणाचे तरी पत्रे उडत होते, तेव्हा तुमच्यात जो वाद लागला तो ऐकून मला हसू आवरेना. हे सांगलीचे साहेब म्हणाले, वाऱ्याचं काय एवढं, येतो नि जातो. पुराचं पाणी घरात आठ आठ दिवस मुक्काम करतं, भय खरं त्याचं. या लातूरकडच्या ताई म्हणाल्या, पूर निदान चढताना दिसतो तरी, जमीन हलते तेव्हा पायाखालचंच जातं. आणि ते कोपऱ्यातले नागपूरचे गृहस्थ विजेची बाजू घेऊन असे भांडत होते, जणू वीज त्यांच्या घरचीच. लग्नात बायका एकमेकींना दागिने दाखवतात तसं चाललं होतं तुमचं. पण बरं झालं. हा वाद इथेच व्हायला हवा होता, कारण हे जातं अशाच एका वादातून इथे आलं, असं सांगतात.

किती वर्षं झाली त्याला, ठाऊक नाही. खाडीच्या तोंडाशी तेव्हा पंचवीसेक झोपड्या होत्या, सगळी वस्ती खारव्यांची, दर्यावर मासे मारणाऱ्यांची, आणि सगळ्यांत मिळून सात होड्या. या लोकांचा एक कडक नेम होता, म्हणे. भयाचं नाव तोंडातून काढायचं नाही. दर्यावर जाणाऱ्या माणसासमोर तुफान म्हटलं की तुफान ते ऐकतं आणि येतं, अशी समजूत. बुडालेल्या माणसाबद्दलसुद्धा बोलायचं नाही. 'तो पलीकडच्या बंदराला गेला' एवढंच म्हणायचं, आणि त्याच्या आईनेही तेवढंच म्हणायचं.

अशा गावात भिवरा आली. ती घाटावरच्या कुठल्याशा गावची. ते गाव एका सकाळी जमिनीच्या हादऱ्यात बसलं, म्हणे. उरलेल्या एका लेकीला घेऊन बाप मीठ वाहणाऱ्या बैलांबरोबर घाट उतरला, इथल्या मिठागरावर राबला, आणि पोर मोठी झाल्यावर धाकू तांडेलाच्या मुलाशी, गुणाजीशी, तिचं लग्न लागलं. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. धाकूचा शब्द तर सातही होड्यांवर चालायचा. आता घाटावरची मुलगी खारव्यांच्या घरात कशी पडली, जातगोत कसं जुळलं, ते मला विचारू नका. लहानपणी मीही विचारलं होतं, टपली मिळाली.

भिवराला छपराखाली झोप येत नसे. नवी सून अंगणात चटई टाकून झोपते म्हटल्यावर गावाला हसायला आयतंच सापडलं. पाणवठ्यावर बायका तिला छेडत, "काय गो, जमीन कधी हलते काय? हलतो तो दर्या."

ती म्हणे, "दर्या रोजच हलतोय, त्याचं काय भ्या? जी कधी हलत न्हाई ती हलली, मंग मानसानं धरायचं कशाला?"

आणि मग ती सगळं सांगायची. पहिला हादरा बसला तेव्हा माणसं बाहेर पळाली. मग सगळं शांत झालं, कोंबडीसुद्धा दाणे टिपायला लागली. आईने भिवराचा हात सोडला, 'चुलीतला जाळ विझवून येते' म्हणाली, आणि आत गेली. दुसरा हादरा तेव्हा बसला. भिवरा हे कोणालाही सांगायची, आणि ऐकणाऱ्या बायका घाबरून कानांवर हात ठेवायच्या. तिची सासू आवडी मात्र कानांवर हात ठेवत नसे. ती गुमान उठून निघून जाई. सगळ्यांना वाटे, सुनेवर रागावलीय.

शेवटी हे धाकूच्या कानावर गेलं. त्याने सुनेला बजावलं, "या घरात भयाचं नाव पुन्ना काढलंस तर बापाकडे धाडीन, मिठागरावर. समजलीस?" बाप तोवर वारला होता, हे धाकूला माहीत होतं. तरीही तो असं म्हणाला.

वैशाख सरत आला होता. सकाळपासून आभाळ तांबूस होतं आणि वारा डोंगराच्या बाजूने सुटला होता. तो इतका वाढला की होड्या वाळूवर जमेल तेवढ्या वर ओढून, माडांना बांधून, सगळं गाव सड्यावर आलं. देऊळ तेव्हाही दगडीच होतं. प्रत्येक बाईच्या कमरेला एक गाठोडं होतं, त्यात बियाण्याची नाचणी. घरातलं बाकी काही राहिलं तरी चालेल, पण पंधरा दिवसांवर पेरणी आलेली, बियाणं सोडून कोण पळेल? झोपड्यांची छपरं गेली, माड मोडले. आणि मग मध्यान्हीच्या सुमाराला वारा एकाएकी पडला. पान हलेना. लख्ख ऊन आलं. दीपमाळेवर एक समुद्रपक्षी येऊन बसला, इतका दमलेला की पोरांनी हात लावला तरी उडेना.

या पक्ष्याचं मला नेहमी नवल वाटतं. देवीचा चमत्कार वगैरे माणसं रचतात, मान्य. पण दमलेला पक्षी कोण कशाला रचेल? आणि तिकडे तुळशीपाशी बघा. मघापासून तो पांढरा बसलाय ना, तोही दर्यावरचाच.

तर सड्याच्या कडेवरून पुरुषांनी खाली पाहिलं. लाटा होड्यांना लागल्या होत्या, एकीचा दोर तुटला होता. सात होड्या गेल्या म्हणजे गावाच्या तोंडचा घास गेला. धाकू म्हणाला, "चला, वारा संपला. होड्या वर घेऊया." चाळीस माणसं उठली. गुणाजी सगळ्यांत पुढे.

 हीच ती शांतता, भिवराने ओळखली. पण बोलणार कसं? बोलली तर भयाचं नाव, आणि एका घाटावरच्या पोरीचं कोण ऐकणार? देवळाच्या ओवरीत तेव्हा नैवेद्याचं जातं असे. त्याचाही एक नेम होता: देवीचं दळण सुरू झालं की संपेपर्यंत देवळाच्या आवारातून कोणी पाऊल बाहेर टाकायचं नाही. भिवराने रांजणातली देवीची पायलीभर नाचणी काढली, जात्याशी बसली आणि पहिली मूठ घातली.

जात्याचा आवाज ऐकला तशी चाळीस माणसं पायरीवरच थबकली. धाकू तणतणत आला. "कोनी सांगितलं तुला दलायला?"

"नवस हाय, मामंजी."

"कसला नवस?"

"दुसरा हादरा मानसं खाली असताना येऊ ने, म्हनून." सगळ्या गावासमोर तिने ते म्हटलं.

धाकूने एवढंच सांगितलं, "ही पायली सरली की होडीकडे आमची वाट आनि मिठागराकडे तुजी." आणि तो पायरीवर बसला. देवीचा नेम तोही मोडू शकत नव्हता.

लोक म्हणतात, देवीने भिवराच्या कानात सांगितलं होतं. मला नाही तसं वाटत. तिला वाऱ्याचं काहीच कळत नव्हतं. वारा जमिनीसारखा वागतो का, एकदा थांबून परत येतो का, हे तिला कोण सांगणार? तिला फक्त ती शांतता ठाऊक होती. खाली एक होडी सुटून पाण्यावर गेली. गुणाजी ओरडला, "भिवरे, आपली होडी चालली गो!" तिने मान वर केली नाही. मुठीऐवजी ती चिमटीने दाणे घालू लागली. हाताला फोड आले, फुटले, खुंटा ओला झाला. ऊन तसंच लख्ख होतं आणि पायली तळाला लागली होती. शेवटची चिमूटही गेली. रिकामं जातं वेगळं वाजतं, बायकांना ते लांबून कळतं. धाकू उठला.

तेवढ्यात बायकांतून आवडी पुढे आली. तिने कमरेचं गाठोडं सोडलं आणि मूठभर नाचणी जात्यात घातली.

"आवडे! बियानं हाय ते!"

आवडीने दुसरी मूठ घातली आणि नवऱ्याकडे बघून बोलली. "आपला थोरला पलीकडच्या बंदराला नाय गेला. असाच वारा पडलेला, असंच ऊन. तो होडी बगायला उतरला, आनि वारा दर्याकडून परत आला. मी बगितलं. तुमी बगितलंत. या सगल्यांनी बगितलं. पंधरा वर्सं झाली, कोन बोललं नाय."

 मग एका म्हातारीने आपलं गाठोडं सोडलं. मग तिच्या शेजारणीने. जातं थांबलं नाही आणि पुरुषांतलं कोणी उठलंही नाही. धाकू परत खाली बसला तो तोंड झाकूनच. पंधरा वर्षं त्याला ते माहीत होतं आणि तरी तो चाळीस माणसं घेऊन निघाला होता. जे बोलायचं नाही ते हळूहळू आठवायचंही नाही, असं त्यांचं झालं होतं, बघा.

पक्षी आधी हलला. दीपमाळेवरून उतरून भिंतीच्या आडोशाला गेला. आणि वारा आला तो दर्याकडून, दर्याला घेऊनच. पाणी माडांच्या कमरेपर्यंत चढलं, म्हणे. सातातली एकही होडी उरली नाही. माणसं सगळी उरली. त्या वर्षी गावात नाचणी पेरली गेली नाही, लोकांनी रानातले कंद उकडून दिवस काढले. धाकूने सुनेची माफी मागितल्याचं कोणी सांगत नाही. पण नवं घर बांधलं तेव्हा त्याने अंगणाकडची एक बाजू भिंत न घालता उघडी ठेवली, तिला झोपायला. आणि ओवरीतलं जातं बाहेर कातळात आणून बसवलं, सगळ्या गावाला दिसेल, ऐकू येईल असं.

माझ्या आयुष्यात हे आज सातव्यांदा फिरतंय. चार वेळा वारा परत आलाच नाही. आम्ही गरम भाकऱ्या खाल्ल्या आणि घरी गेलो. पोरं म्हणतात, आता तुफान कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं. दिसतं, खरं आहे. बघा ना तुमच्यावर. रेंज आहे का?

पायली सरत आली. आता शेवटची मूठ. ती बियाण्याची असते आणि गावातली सगळ्यांत वयस्क बाई ती घालते. घालताना आपलं भय मोठ्याने सांगायचं, सगळ्यांसमोर. शिमग्यात आमची काशीकाकू गेली, त्यामुळे यंदा तो मान आमच्या हिचा. ही काय सांगणार, मलाही उत्सुकता आहे. मी अडतीस वर्षं या खाडीवर तर चालवली, माणसं या काठावरून त्या काठावर नेली, पावसातसुद्धा. हिने एकदाही मला 'आज नको' म्हटलं नाही. आमच्या हिला भय कशाचं ते ठाऊकच नाही, असं मी चारचौघांत फुशारकीने सांगत आलोय. थांबा, उठली. ऐका.

"मला दारातल्या रिकाम्या पायतानांचं भय वाटतं. हे तरीवर अनवानी जायचे, पायतानं दारात काढून. अडतीस वर्सं मी झाडताना ती उचलली नाय. बाजूने झाडलं. संध्याकाळ होईस्तोवर तिकडे बगितलं नाय."

ऐकलंत ना तुम्ही? मीही आजच ऐकलं. अडतीस वर्षं मी घरी येऊन त्याच पायताणांत पाय घालायचो, आणि खाली धूळ का राहिलीय म्हणून हिच्यावर खेकसायचो.

आजही सुरंगवाडीत वारा पडला की पायलीभर नाचणी दळतात, वर एक मूठ बियाण्याची घालतात, आणि जातं थांबेपर्यंत कोणी खाली उतरत नाही. असं सांगून मी दरवेळी पाहुण्यांना सोडतो. पण तो तुळशीपाशी बसलेला पक्षी बघा कुठे गेला. भिंतीच्या आडोशाला. चला, आत चला सगळे. सुनबाई, पीठ राहू दे, तू आधी ऊठ. सांगलीकर, दार ओढून घ्या.

आणि अगो, तू तिकडे बायकांत नको जाऊस. इकडे ये. माझ्याजवळ बस.