थेंबुली परी आणि पांढऱ्या डोंगराचं पाणी

तानीला वाटलं होतं, परी राहते तिथे मोगऱ्याचे ताटवे असतील, चांदीचं कारंजं असेल, परी सोन्याच्या झोपाळ्यावर झुलत असेल. आणि सापडलं काय? पांढऱ्या डोंगराच्या पोटातली एक गार, ओलसर गुहा. ना ताटवे, ना झोपाळा. नुसते टप्... टप्... पडणारे थेंब!

तानी आणि तिची आई बांबूच्या टोपल्या विणून पोट भरत. पण गावचा झरा आटला, आणि बांबू भिजवायचं सोडाच, प्यायलाही पाणी उरलं नाही. म्हणून सकाळपासून तानी गुहेत लोटी धरून बसली होती. वरून चुनखडीचे इवले इवले लोलक लोंबत होते. काही दुधी, काही मधाच्या रंगाचे, काही गुलाबी. एकेकाच्या टोकाशी एकेक लुकलुकता थेंब. दुपार कलली तेव्हा कुठे लोटी भरली.

ती निघणार, तोच पायाशी काहीतरी वळवळलं. एका खळग्यात, चमचाभर पाण्यात तीन मासोळ्या तडफडत होत्या. जाईच्या पाकळ्यांसारख्या पांढऱ्या, आणि त्यांना डोळेच नव्हते! अंधारात जन्मलेल्या, अंधारातच खेळणाऱ्या.

"अगं बायांनो, तुम्हांला तर दुसरीकडे जाताही येत नाही," तानी पुटपुटली.

तिला आईचे सुकलेले ओठ आठवले. तिने अर्धी लोटी ओतली. मासोळ्या अजून कुशीवरच होत्या. तानीने उरलेलं पाणीही ओतून टाकलं. सुळ्ळकन मासोळ्या पोहू लागल्या.

तेवढ्यात वरचा एक लोलक झगमगला आणि त्याच्या थेंबातून बोटाएवढी परी खाली उतरली! अंगात शेवाळी झगा, पंखांवर अभ्रकाची चमचम.

"मी थेंबुली," ती किणकिणली. "तुझ्या वाटणीचं पाणी तू माझ्या लेकरांना दिलंस. आता माग काय हवं ते. पण नियम ऐक हं. मागणं एकच. कुणाचं घर मोडेल असं मागायचं नाही. आणि अर्धं काम माझं, अर्धं मागणाऱ्याचं."

"अर्धंच? आईच्या गोष्टीतल्या पऱ्या सगळं करतात!"

"त्यांना चार हात असतील बाई. मला दोनच आहेत."

तानी हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "उद्या सकाळी लहानूकाका गावकऱ्यांना घेऊन येणारेत. ही भिंत पहारींनी फोडली की मागचं पाणी बाहेर येईल, म्हणतात."

दोघींनी वर पाहिलं. त्या भिंतीवर मखमली वटवाघळं झोपली होती आणि प्रत्येकाच्या कुशीत एकेक पिटुकलं पिल्लू होतं.

"झऱ्याला पाणी येऊ दे," तानी म्हणाली, "आणि यांचं घरही राहू दे. हे एकच मागणं झालं ना?"

"एकच झालं!" परीने हलकीशी फुंकर घातली आणि अख्खा डोंगर काचेसारखा आरपार दिसू लागला. माथ्यावरच्या पाताळखड्ड्यापासून गावच्या झऱ्यापर्यंत पाण्याच्या निळ्या वाटा धावत होत्या. पण खड्ड्याच्या तळाशी सगळं तुंबलेलं. फुटकी मडकी, कुजका कडबा, चिंध्या!

दर पाडव्याला गावातलं प्रत्येक घर जुनी मडकी त्या खड्ड्यात टाकी. पाताळ सगळं गिळतं, असं म्हणत. या पाडव्याला तानीनेही एक टाकलं होतं आणि खळ्ळ आवाज ऐकून टाळ्या पिटल्या होत्या. ती लाजेने लालबुंद झाली.

"ते पाताळ नव्हे गं, झऱ्याचा घसा आहे," परी हळुवारपणे म्हणाली. "हे घे, माझं अर्धं."

लख्ख प्रकाश झाला. गुलाबी, निळा, केशरी! तानीने डोळे उघडले तेव्हा परी नव्हती. ती धावत झऱ्यावर गेली. करंगळीएवढी धार, नितळ, खळखळ! त्या संध्याकाळी आई पोटभर पाणी प्यायली.

सकाळी लहानूकाका पहार खांद्यावर टाकून गुहेशी आले. मागे दोराची वेटोळी घेतलेले गावकरी होते. गुहेच्या तोंडाशी तानी आणि तिची आई वाट अडवून उभ्या होत्या.

"थोडं आलंय, आता भिंत फोडली की धो धो येईल! बाजूला हो, चिमणे."

"काका, पाणी भिंतीमागे नाहीच! आपल्या मडक्यांनी झऱ्याचा घसा बुजलाय. पाताळखड्डा उपसू या."

मग एक म्हातारी म्हणाली, "पाडव्याला टाकलेलं परत काढायचं नसतं, पोरी. काढणाऱ्याच्या घरात अवदसा शिरते."

तानीने आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली.

"मग शिरू दे आमच्या घरात," तानी म्हणाली. "पहिली मी उतरते."

तिने एक दोर उचलून कमरेला बांधला, दुसरं टोक काकांच्या हातात दिलं आणि डोंगराच्या माथ्याकडे चालू लागली. काकांनी पहार खाली टाकली. दोर घट्ट धरायला त्यांना दोन्ही हात लागणार होते.