टिकली उंदरी आणि लहान दातेरी चाक

चूक टिकलीचीच होती.

टिकली म्हणजे एवढीशी उंदरी. टेकडीच्या माथ्यावर तिचे बीळ होते. बिळात तिचे पिल्लू होते. बिळाजवळ सुगंधाबाईंची जुनी सायकल उभी होती. सायकलच्या पिशवीत शेंगदाण्याची पोळी होती. टिकली पिशवीत चढली. कोणालाही न विचारता चढली.

तेवढ्यात सुगंधाबाई सायकलवर बसल्या आणि सायकल उतारावरून सुटली. सर्र सर्र सर्र!

सायकल खाली येऊन दुरुस्तीच्या दुकानापाशी थांबली. टिकलीने वर पाहिले. टेकडी उंच. पाय इवले. पिल्लू एकटे! ऊन उतरू लागले होते. ऊन गेले की घुबड जागे होते.

टिकलीच्या छातीत धडधडले. धड धड, धड धड.

ती सुगंधाबाईंकडे गेली. टुण टुण टुण.

"सुगंधाबाई, सुगंधाबाई, टेकडी चढा ना! पिल्लू एकटे. ऊन चालले. घुबड जागे होईल!"

सुगंधाबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या, "अगं बाई, कशी चढू? ही सायकल माझ्या सासऱ्यांची. तिचे पेडलपाशी साखळी ओढणारे दातेरी चाक हे एवढे मोठे! चढावर पेडल ढिम्म हलत नाही. लहान चाक बसेल, तर मी चढेन."

लहान चाक दुकानात खिळ्याला लटकले होते. टिकली गेली. टुण टुण टुण.

"चाका, चाका, बस ना! बाई चढेनात. पिल्लू एकटे. ऊन चालले. घुबड जागे होईल!"

लहान चाक म्हणाले, "बसू कुठे? माझ्या जागेवर मोठे चाक ऐसपैस बसले आहे. मोठे चाक सुटेल, तर मी बसेन."

टिकली गेली. टुण टुण टुण.

"मोठ्या चाका, मोठ्या चाका, सूट ना! लहान चाक बसेना. बाई चढेनात. पिल्लू एकटे. ऊन चालले. घुबड जागे होईल!"

मोठे चाक गुरगुरले, "मला या लोखंडी खुंटीने धरून ठेवले आहे. खुंटी निघेल, तर मी सुटेन."

टिकली खुंटीकडे वळली. टुण टुण टुण.

"खुंटी, खुंटी, नीघ ना! मोठे चाक सुटेना. लहान चाक बसेना. बाई चढेनात. पिल्लू एकटे. ऊन चालले. घुबड जागे होईल!"

खुंटी करकरली, "मी गंजले आहे गं. दस्तगीरभाई हातोडा ठोकतील, तर मी निघेन."

दस्तगीरभाई दुकानाचे मालक. टिकली गेली. टुण टुण टुण.

"भाई, भाई, ठोका ना! खुंटी निघेना. मोठे चाक सुटेना. लहान चाक बसेना. बाई चढेनात. पिल्लू एकटे. ऊन चालले. घुबड जागे होईल!"

दस्तगीरभाईंनी मान हलवली. "नाही, बेटी. सुक्या खुंटीवर घाव घातला, तर खुंटी वाकते. मग सायकल इथेच अडकेल! आधी तेल गळेल, तर मी ठोकेन."

टिकली तेलाच्या कुपीकडे धावली. टुण टुण टुण.

"तेला, तेला, गळ ना! भाई ठोकेनात. खुंटी निघेना. मोठे चाक सुटेना. लहान चाक बसेना. बाई चढेनात. पिल्लू एकटे. ऊन चालले. घुबड जागे होईल!"

तेल म्हणाले, "गळू कसे? कुपीच्या नळीत चिंधीचा बोळा अडकला आहे. भाईंचे बोट आत जात नाही. बोळा निघेल, तर मी गळेन."

आता कोणाला विचारायचे? कोणीच उरले नव्हते.

नळी काळीकुट्ट होती. आत काळोख होता. दुरून अर्धवट झोपेतला आवाज आला, "घूं!"

टिकली नळीपाशी गेली. तिने डोळे मिटले. तोंड नळीत घातले. बोळा दातांत धरला. आणि ओढला.

पक्क!

तेल गळले. टप टप टप.

"भाई, ठोका ना!"

"थांब, बेटी. तेल मुरू दे."

"भाई, ऊन चालले!"

"मुरू दे."

ऊन भिंतीवरून सरकले. ऊन पत्र्यावर गेले. धड धड, धड धड.

मग भाईंनी ठोकले. ठक ठक ठक! खुंटी निघाली. मोठे चाक सुटले. लहान चाक बसले. खुंटी पुन्हा आत गेली. आणि साखळी लोंबली. खळ्ळ!

"अरे देवा!" सुगंधाबाई म्हणाल्या.

"चाक लहान झाले, म्हणून साखळी लांब झाली," भाई म्हणाले. त्यांनी साखळीची एक कडी काढली. साखळी ताठ झाली.

टिकली पिशवीत बसली. बाई चढल्या! पाय भरभर फिरले. सायकल हळूहळू सरकली. पण थांबली नाही. कुर्र कुर्र कुर्र.

ऊन गेले. "घूं!" आवाज जवळ आला.

माथा आला. टिकलीने उडी मारली. ती बिळात शिरली.

"पिल्ला?"

ती आणखी आत गेली.

"पिल्ला, मी आई!"

"चीं," कोपरा म्हणाला. कोपऱ्यात पिल्लू होते. टिकलीने त्याला पोटाशी घेतले.

"आई, उद्या कुठे जायचे नाही."

"नाही जायचे."

"आणि परवा?"

"परवा जायचे. दोघांनी जायचे."

असे ठरले. टिकलीला मान्य. पिल्लाला मान्य. घुबडाला कोणी विचारलेच नाही.